पोलादी नळीची दोन टोके

राजपत्रात सीमाशुल्काची एखादी अधिसूचना प्रसिद्ध होते, तेव्हा वर्तमानपत्रांच्या आर्थिक पानावरील चार ओळींपलीकडे तिची दखल सहसा घेतली जात नाही. तिची भाषा रुक्ष असते, कोष्टकांत वस्तूंचे नुसते क्रमांक असतात, आणि सामान्य वाचक साहजिकच पान उलटतो. परंतु अशाच एका अधिसूचनेने फेब्रुवारी २०१७ मध्ये चीनमधून येणाऱ्या बिनसांध्याच्या पोलादी नळ्यांवर डम्पिंगविरोधी शुल्क कायम केले. त्याआधी २०१६ साली ते तात्पुरत्या स्वरूपात बसविण्यात आले होते. पुढे मुदत सरत आली तेव्हा फेरतपासणी होऊन २०२१ मध्ये ते चालू ठेवण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये स्टेनलेस पोलादाच्या बिनसांध्याच्या चिनी नळ्यांवरही असेच शुल्क आले. या चार ओळींच्या बातम्यांमागे एक मोठी तपासणी असते, तिच्यामागे अनेकांच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो आणि त्याही मागे न्यायाचा एक प्रश्न असतो. त्याचा विचार आर्थिक पानाबाहेरही व्हावयास हवा.

नळी ही तशी दुर्लक्षित वस्तू. तीत बिनसांध्याची, म्हणजे ‘सीमलेस’ नळी ही पत्रा वळवून आणि जोडून तयार होत नाही. तापवून लाल केलेला भरीव पोलादी गज फिरता ठेवून त्याच्या गर्भात छिद्र पाडले जाते आणि मग तो लांबविला जातो. गेल्या शतकाच्याही आधी, १८८५ च्या सुमारास, जर्मनीतील मॅनेसमन बंधूंनी ही युक्ती सिद्ध केली. अंगावर जोड नसल्यामुळे ही नळी अधिक दाब आणि अधिक उष्णता सोसू शकते. म्हणून साखर कारखान्याच्या बॉयलरपासून खनिज तेलाच्या विहिरीपर्यंत आणि बेअरिंगच्या कड्यांपासून हायड्रॉलिक सिलिंडरपर्यंत तिचा संचार असतो. महाराष्ट्राशी तर तिचे नाते दुहेरी आहे. सिन्नर, बारामती, अहिल्यानगर, नागोठणे अशा ठिकाणी ती तयार होते. आणि पुणे, नाशिक, कोल्हापूरकडील यंत्रशाळांत व साखरपट्ट्यातील बॉयलरांत ती खपते. नळी बनविणारा इथला आणि नळी विकत घेणाराही इथलाच.

या व्यापाराला आणखी एक अंग आहे. भारतीय बनावटीच्या पोलादी नळ्या परदेशातही जातात आणि तेथे त्यांच्यावर नेमका हाच आरोप ठेवला जातो. एका टोकाला भारत फिर्यादी आहे, तर दुसऱ्या टोकाला आरोपी. कोणत्या पुराव्यावर शुल्क बसवावे याचे उत्तर देताना ही दोन्ही टोके एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. दुर्दैवाने आपल्याकडील चर्चेत बहुधा एकच टोक दिसते.

स्वस्ताई केव्हा अन्यायाची?

परदेशी माल स्वस्त आहे एवढ्याने त्याला डम्पिंग म्हणता येत नाही. एखाद्या देशात कोळसा स्वस्त असेल, यंत्रे नवी असतील, कामगार कुशल असतील, तर त्याचा माल स्वस्त पडणारच. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा लाभ म्हणतात तो हाच. डम्पिंगची व्याख्या निराळी आहे. उत्पादक आपल्या घरच्या बाजारात ज्या भावाने माल विकतो, त्याहून कमी भावाने तोच माल दुसऱ्या देशात विकू लागला, तर ते डम्पिंग होय. तुलना भारतीय आणि चिनी भावांची नसून चिनी मालाच्या चीनमधील आणि निर्यातीच्या भावांची आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे या विषयावरील अर्धेअधिक वाद निर्माण होतात.

या दुखण्यावर कायद्याचा पहिला उतारा कॅनडाने १९०४ साली शोधला. अमेरिकेचे पोलाद कारखाने आपले रूळ कॅनडात स्वस्तात उतरवीत, अशी तेथील उत्पादकांची तक्रार होती. सरसकट जकात वाढविली असती, तर शेतकरी आणि रेल्वे दोघेही भरडले गेले असते. म्हणून अर्थमंत्री फील्डिंग यांनी खास शुल्काचा मार्ग काढला. भावात जेवढी लबाडी, तेवढेच शुल्क. डम्पिंगविरोधी शुल्क हे आरंभापासून सरसकट जकातीला दिलेले मोजून-मापून घ्यावयाचे पर्यायी औषध होते.

अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९२३ साली या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्यात डम्पिंगचे प्रकार पाडले. कधीतरी साठा उरला म्हणून तो परदेशी काढून टाकणे हा एक प्रकार. वर्षानुवर्षे सातत्याने स्वस्त विकत राहणे हा दुसरा. आणि काही काळ भाव पाडून, स्पर्धक नामशेष झाले की पुन्हा वर नेणे, हा तिसरा. पहिल्याने फारसे बिघडत नाही. दुसऱ्यात ग्राहक देशाचा फायदाच असतो. खरा धोका तिसऱ्यात, कारण कारखाने बंद पडल्यावर स्वस्ताईही संपते. आजचे कायदे मात्र हा भेद करीत नाहीत. भावातील फरक, देशी उद्योगाचे नुकसान आणि त्या दोहोंतील कार्यकारणसंबंध या तीन गोष्टी सिद्ध झाल्या की शुल्क बसविता येते. १९४७ च्या गॅट कराराच्या सहाव्या कलमापासून १९९५ साली अस्तित्वात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारापर्यंत हीच त्रिसूत्री चालत आली आहे.

तपासणीची रीत

भारतात हे काम वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील व्यापार उपाय महासंचालनालयाकडे आहे. २०१८ साली त्याला हे नाव व विस्तारित स्वरूप मिळाले. कायद्याचा आधार १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातील ९अ कलमाचा आणि १९९५ च्या नियमांचा. तपासणी सुरू व्हावयाची तर अर्ज करणाऱ्या व पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचा देशी उत्पादनात किमान २५ टक्के वाटा असावा लागतो आणि पाठिंबा देणारे विरोध करणाऱ्यांपेक्षा वजनाने जड असावे लागतात. एखाद्या देशातून येणारी आयात एकूण आयातीच्या तीन टक्क्यांहून कमी असेल, अथवा डम्पिंगचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी निघाले, तर त्याच्यापुरते प्रकरण सामान्यतः तेथेच संपते. निर्यातदारांना, आयातदारांना आणि वापरणाऱ्यांना प्रश्नावल्या जातात, जमाखर्च तपासले जातात, तोंडी सुनावणी होते. साधारणपणे वर्षभरात, फार तर दीड वर्षात, निष्कर्ष द्यावा लागतो. मंत्र्याच्या सहीने एका रात्रीत बसणाऱ्या जकातीपेक्षा ही रीत पुष्कळच सुसंस्कृत आहे.

हिशेब कसा चालतो ते काल्पनिक आकड्यांनी पाहावे. समजा, एक टन नळीचा निर्यातदाराच्या घरच्या बाजारातील कारखाना-भाव १ लाख रुपये आहे आणि निर्यातीचा कारखाना-भाव ८० हजार. डम्पिंगचा फरक २० हजार रुपये, म्हणजे निर्यात भावाच्या २५ टक्के. आता ही नळी भाडे, विमा आणि नेहमीची जकात भरून मुंबई बंदरात ९५ हजारांना पडते. देशी कारखान्याला नुकसान न होता जो भाव मिळावयास हवा, तो समजा १ लाख ५ हजार आहे. नुकसानीचा फरक झाला १० हजार रुपये. भारतीय नियम असा की या दोन फरकांपैकी जो लहान, तेवढेच शुल्क बसवावे. म्हणजे २० हजार नव्हे, १० हजार. अमेरिकेच्या पद्धतीत ही सवलत नाही. तेथे डम्पिंगचा पूर्ण फरक वसूल होतो. या बाबतीत भारताचा कायदा अधिक संयमी आहे, हे श्रेय द्यावयास हवे.

तथापि हिशेबातील प्रत्येक आकडा कोठून येतो, हा खरा प्रश्न आहे. ‘नुकसान न करणारा भाव’ काढताना देशी उद्योगाने गुंतविलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा गृहीत धरण्याची प्रथा महासंचालनालयात चालत आली आहे. बँकेत ठेव ठेवणाऱ्या शिक्षकाला अथवा कारकुनाला हा आकडा ऐकून आश्चर्य वाटेल. हा परतावा व्याज व करापूर्वीचा आहे, हे खरे; परंतु प्रत्येक उद्योगाला, तेजीमंदीच्या प्रत्येक वर्षी तोच आकडा लावणे म्हणजे मापाचा दांडा आधीच एका बाजूला कलता ठेवणे होय.

चिनी भावाचे कोडे

चीनच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. २०२४ साली चीनने १०० कोटी टनांहून किंचित अधिक पोलाद तयार केले. साऱ्या जगाच्या उत्पादनाचा हा अर्ध्याहून अधिक हिस्सा होय. भारताचे उत्पादन त्याच वर्षी १५ कोटी टनांच्या आसपास होते. चीनमध्ये घरबांधणी मंदावली की शिल्लक पोलाद बाहेर निघते; २०२४ मध्ये त्याची पोलाद निर्यात ११ कोटी टनांच्या घरात गेली. प्रांतिक सरकारांचा आधार, सरकारी बँकांचे कर्ज आणि कारखाना बंद पडू न देण्याचे राजकारण, यांमुळे तेथील भाव हा खरोखर बाजाराचा भाव आहे काय, हा संशय निराधार नाही. सिन्नर किंवा बारामती येथील कारखान्याने आपल्या स्वतःच्या कार्यक्षमतेवर स्पर्धा करावी, हे म्हणणे रास्त आहे; परंतु त्याने एका परकीय सरकारच्या तिजोरीशी स्पर्धा करावी, असे कोणी म्हणू नये. फिर्यादीची ही बाजू नाकारता येणार नाही.

२००१ साली जागतिक व्यापार संघटनेत शिरताना चीनने जो करारनामा मान्य केला, त्यानुसार इतर देशांना चिनी भाव बाजूला ठेवून दुसऱ्या मापाने मूल्य ठरविण्याची मुभा मिळाली. त्या मुभेचा एक महत्त्वाचा भाग डिसेंबर २०१६ मध्ये संपुष्टात आला. तिचा शेवट झाला की नाही, यावर वाद झाला. भारतासह अनेक देशांनी आपली पद्धत पुढे चालू ठेवली. या पद्धतीत चिनी निर्यातदाराने आपला कारभार बाजारनियमांनी चालतो असे सिद्ध न केल्यास त्याचे आकडे दूर सारले जातात. मग पुष्कळदा भारतीय उत्पादकाच्याच खर्चात योग्य फेरफार करून आणि त्यावर वाजवी नफा चढवून चिनी नळीचे ‘सामान्य मूल्य’ रचले जाते.

याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. शेजाऱ्याच्या घरचा खर्च कळत नाही, म्हणून आपल्या घरच्या किराण्याची यादी पाहून त्याचा खर्च ठरवावयाचा, असा हा प्रकार आहे. देशी कारखान्याची भट्टी जुनी असेल, कोळसा महाग पडत असेल, क्षमता अर्धी पडून असेल, तर हे सारे दोष योग्य ती काट-छाट न झाल्यास चिनी मूल्यात उतरतात आणि डम्पिंगचा फरक फुगतो. कायद्याने ही वाट मोकळी ठेवली आहे, हे मान्य. परंतु कायदेशीर असणे आणि पटण्याजोगे असणे यांत अंतर आहे. आणि ते अंतर तपास अधिकाऱ्याच्या विवेकानेच भरून काढावे लागते.

आरोपीच्या पिंजऱ्यात भारतीय नळी

आता नळीचे दुसरे टोक पाहू. मे १९८६ मध्ये अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या जोडाच्या पोलादी नळ्यांवर डम्पिंगविरोधी आदेश काढला. त्यानंतर दर काही वर्षांनी त्याची फेरतपासणी झाली आणि वारंवार तो पुढे चालू ठेवला गेला. एका पिढीचा काळ लोटला, कंपन्या बदलल्या, भारताची अर्थव्यवस्था खुली झाली. आदेश मात्र तीन दशके उलटून गेल्यावरही टिकून राहिला. तात्पुरता म्हणून आलेला पाहुणा घरचाच होऊन बसतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. २०१४ साली तेलविहिरींत उतरवावयाच्या नळ्यांवरही अमेरिकेने भारतासह अनेक देशांविरुद्ध शुल्क बसविले.

त्याच तपासणीतील दक्षिण कोरियाची कथा बोधप्रद आहे. कोरियात तेलविहिरी नसल्यातच जमा. त्यामुळे या नळ्यांना तेथे घरचा बाजार नाही. मग घरचा भाव कोणता धरावयाचा? खर्चावर नफा चढवून तो रचावा लागला. फेब्रुवारी २०१४ मधील प्राथमिक निष्कर्षात अमेरिकेच्या वाणिज्य खात्याला कोरियन कंपन्यांचे दखलपात्र डम्पिंग आढळले नव्हते. जुलैमधील अंतिम निष्कर्षात मात्र ते ९.८९ ते १५.७५ टक्के निघाले. कारखाने तेच, नळ्या त्याच. मध्यंतरी बदलले ते मुख्यतः नफ्याचे माप. टेनारिस या बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपनीच्या ताळेबंदातील नफ्याचे प्रमाण कोरियन खर्चावर चढविण्यात आले होते. जागतिक व्यापार संघटनेच्या निवाडा मंडळाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नफा ठरविण्याची ही रीत कराराशी विसंगत ठरविली. पाच महिन्यांत निर्दोषाचा दोषी होतो तो एका गृहीतकामुळे, हे या तपासण्यांचे मर्म आहे.

युरोपातही असेच घडले. २००९ साली युरोपीय संघाने चिनी बिनसांध्याच्या नळ्यांवर शुल्क बसविले. युरोपीय उद्योगाचे नुकसान झाल्याचे सिद्ध झाले नव्हते. नुकसान होण्याचा धोका आहे, एवढ्यावरच शुल्क आकारले गेले. चिनी उत्पादकाने युरोपच्याच न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०१४ मध्ये तेथील न्यायालयाने हा धोका पुराव्याने सिद्ध होत नाही म्हणून त्या उत्पादकापुरते शुल्क रद्द केले आणि एप्रिल २०१६ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. युरोपचे न्यायाधीश युरोपच्या उद्योगाविरुद्ध आणि चिनी कारखान्याच्या बाजूने निकाल देतात, यात दुबळेपणा नाही. न्याय हा आपल्या-परक्याचा नसतो, याची ती साक्ष आहे.

भारताने स्वतः या क्षेत्रात एक मोलाची लढाई जिंकली आहे. भारतीय सुती चादरी-अभ्र्यांवर युरोपने बसविलेल्या शुल्काच्या हिशेबात एक चलाखी होती. काही माल घरच्या भावाहून स्वस्त, तर काही महाग विकला गेला असेल, तर महाग विक्रीतील फरक शून्य धरावयाचा आणि स्वस्त विक्रीतील तेवढाच मोजावयाचा. परीक्षेत विद्यार्थ्याचे कमी पडलेले गुण वजा करावयाचे, परंतु जादा मिळालेले गुण जमेस धरावयाचे नाहीत, अशातला हा न्याय. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने मार्च २००१ मध्ये ही पद्धत त्याज्य ठरविली. त्या निवाड्याचा आधार पुढे इतर देशांनीही घेतला. नियमांचे काटेकोर पालन हे दुर्बळांचे शस्त्र असते, हे भारताने तेव्हा जगाला दाखवून दिले.

ते अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून निष्प्राण आहे. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्यामुळे त्याची गणसंख्याच उरली नाही. हरलेल्या पक्षाने अपील दाखल केले की निवाडा अधांतरी लटकतो. त्यातच अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली पोलादावर २०१८ साली २५ टक्के शुल्क बसविले आणि जून २०२५ मध्ये ते ५० टक्क्यांवर नेले. त्यासाठी डम्पिंग सिद्ध करावे लागले नाही, की एकेका कंपनीचा हिशेब मांडावा लागला नाही. अशा दिवसांत देशोदेशींच्या तपासयंत्रणांची सचोटी हाच काय तो उरलेला आधार होय. आणि १९९५ पासून जगात सर्वाधिक, एक हजाराहून अधिक, डम्पिंगविरोधी तपासण्या सुरू करणारा देश भारतच आहे. ज्याने हे अस्त्र सर्वाधिक वेळा उचलले, त्याच्या नेमबाजीकडे जगाचे लक्ष असणारच.

ज्याची साक्ष होत नाही

या सुनावणीत देशी उत्पादक असतो, परदेशी निर्यातदार असतो, आयातदार असतो. सर्वांबरोबर वकील आणि हिशेबतपासनीस असतात. नसतो तो बहुधा नळी वापरणारा लहान उद्योजक. नियमांनी त्याला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. परंतु दहा-बारा कामगारांच्या जोरावर हायड्रॉलिक सिलिंडर किंवा यंत्राचे सुटे भाग बनविणाऱ्याने प्रश्नावल्या भरीत दिल्लीच्या वाऱ्या कराव्यात, ही अपेक्षाच अवास्तव आहे. पोलादी नळीचा भाव वाढला की त्याचा कच्चा माल महागतो. त्याच्या तयार मालाला मात्र असे संरक्षण नाही. उद्या तयार सिलिंडरच परदेशातून स्वस्त आला, तर त्याने कोणाकडे जावे? निर्यातीसाठी कच्चा माल आणणाऱ्या मोठ्या कारखान्याला विशेष परवान्याखाली हे शुल्क माफ होऊ शकते. देशी बाजारासाठी काम करणाऱ्या लहानग्याला ती सोय नाही.

हानी एकवटलेली असते आणि बोजा पसरलेला असतो, ही अर्थशास्त्रातील जुनीच गोष्ट. चार-पाच मोठ्या उत्पादकांचा तोटा ताळेबंदात ठळक दिसतो आणि त्यांना एकत्र येणे सोपे जाते. हजारो वापरणाऱ्यांच्या वाट्याला टनामागे काही हजार रुपयांचा जो भार येतो, तो कोणाच्याच ताळेबंदात ‘डम्पिंगविरोधी शुल्क’ या नावाने दिसत नाही. साखर कारखान्याने बॉयलरच्या नळ्या बदलल्या, त्यांचे बिल वाढले. ते बिल अखेरीस उसाच्या पैशांतून किंवा साखरेच्या भावातून निघते. पण त्याचा हिशेब मागावयास कोणी जात नाही.

युरोपीय संघाच्या कायद्यात शुल्क बसविण्यापूर्वी ते संघाच्या एकंदर हिताचे आहे काय, हे तपासण्याची स्वतंत्र कसोटी आहे. तीत उत्पादक, वापरणारे आणि ग्राहक या सर्वांचे हित तोलावे लागते. भारतीय कायद्यात अशी कसोटी बंधनकारक नाही. अलीकडे महासंचालनालय आपल्या निष्कर्षांत जनहितावर विवेचन करू लागले आहे, हे स्वागतार्ह होय. परंतु विवेचन आणि कसोटी यांत फरक आहे. दुसरीकडे, महासंचालनालय केवळ शिफारस करते आणि अंतिम निर्णय वित्त मंत्रालय घेते. २०२० नंतर शिफारशी न स्वीकारल्या जाण्याचे प्रसंग लक्षणीय वाढले आणि कारणे न दिल्यामुळे ते वाद अपील न्यायाधिकरणापर्यंत गेले. कदाचित त्या नकारामागे वापरणाऱ्यांच्या हिताचाच विचार असेल. परंतु तो उघडपणे मांडला न गेल्यामुळे उत्पादकाला तो मनमानी वाटतो आणि वापरणाऱ्याला त्याचा आधार वाटत नाही. वर्षभर चाललेल्या तपासणीचा शेवट मौनाने व्हावा, हे कोणत्याच पक्षाला न्याय देणारे नाही.

माप एकच हवे

तेव्हा करावयाचे काय? शुल्क मुळीच नको, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परक्या सरकारच्या पैशावर पाडलेल्या भावाने नागोठण्याचा किंवा अहिल्यानगरचा कारखाना बंद पडला, तर तेथील कामगाराला वायनर यांच्या ग्रंथातील भेद सांगून त्याचे घर चालणार नाही. तेल, वीज आणि संरक्षण या क्षेत्रांना लागणारी नळी देशात बनणे यालाही महत्त्व आहेच. प्रश्न शुल्काच्या आवश्यकतेचा नसून त्याच्या मापाचा आहे.

त्यासाठी काही गोष्टी सहज करता येतील. भांडवलावरील परताव्याचा एकच ठोकळेबाज आकडा सोडून उद्योगाच्या प्रत्यक्ष परिस्थितीनुसार तो ठरवावा. प्रत्येक निष्कर्षात वापरणाऱ्या उद्योगांवर पडणारा बोजा आकड्यांत मांडणे कायद्याने बंधनकारक करावे आणि लहान वापरणाऱ्यांची बाजू मांडण्यासाठी महासंचालनालयानेच एखादा अधिकारी नेमावा. तो गरीब आरोपीला सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलासारखा असेल. वित्त मंत्रालयाने शिफारस स्वीकारो वा नाकारो, कारणे लेखी द्यावीत. आणि मुदत संपताना होणारी फेरतपासणी हा केवळ उपचार राहू नये. पहिल्या पाच वर्षांत संरक्षण मिळालेल्या उद्योगाने यंत्रसामग्री सुधारली काय, खर्च उतरविला काय, हे विचारूनच पुढील पाच वर्षे द्यावीत. कुबडी ही पाय बरा होईपर्यंत असते. पाय बरा करण्याची घाईच नसेल, तर ती कुबडी राहत नाही, सवय होते.

या सूचनांवर देशी उत्पादक नाखूष होतील. संरक्षण मिळणे अवघड होईल, अशी त्यांची तक्रार असेल. परंतु त्यांनीच आपल्या निर्यात विभागाला विचारून पाहावे. अमेरिकेच्या बंदरात भारतीय नळी उतरते तेव्हा तिच्या वकिलाला काय हवे असते? आपला खरा खर्च मान्य व्हावा, दुसऱ्याच्या ताळेबंदातील नफा आपल्यावर लादला जाऊ नये, नुकसानीचा पुरावा कठोरपणे तपासला जावा आणि तात्पुरते शुल्क पिढ्यान्‌पिढ्या चालू नये. मुंबईच्या बंदरात चिनी नळी उतरते तेव्हा तिच्या बाबतीत ही मागणी करणारा भारताचा शत्रू ठरत नाही. भारताने २००१ साली चादरींच्या खटल्यात जगाकडे जे मागितले, तेच तो भारताकडे मागत असतो.

बाजारपेठेत घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची पत फार काळ टिकत नाही, हे आपल्या गावोगावच्या आठवडी बाजाराला पूर्वीपासून ठाऊक आहे. देशांच्या व्यापारातही त्याहून वेगळा न्याय नाही. दिल्लीत आज जे माप वापरले जाईल, त्याच मापाचा दाखला उद्या वॉशिंग्टनमध्ये भारतीय नळीविरुद्ध दिला जाईल. म्हणून माप एकच असू द्यावे, आणि ते खरे असू द्यावे.